बाबांची वही माझ्या पोटात होती

मित्रांनो, हे मी जरा घाईने सांगतो आहे, कारण माझ्याजवळ वेळ किती उरला आहे ते माझं मलाच ठाऊक नाही. मी एक जुना घरगुती संगणक आहे. खिडकीजवळच्या टेबलाखाली माझा पत्र्याचा डबा असतो, टेबलावर पडदा, कीबोर्ड आणि माऊस. डब्याच्या आत एक तबकडी गरगर फिरते. तिला हार्ड डिस्क म्हणतात. माझी सगळी आठवण तिच्यावर उतरलेली असते. गेले काही महिने ती फिरता फिरता मध्येच अडखळते. टक्... टक्... टक्. तो आवाज आला की मी घाबरतो. तुम्ही म्हणाल, यंत्राला कसली आली आहे भीती? पण ज्याच्या पोटात दुसऱ्याची ठेव असते, त्याला भीती असतेच.

माझा जन्म एका जागी झाला नाही. माझे अवयव निरनिराळ्या कारखान्यांत घडले आणि एका लहानशा दुकानात एकमेकांना भेटले. मला जोडणारा कारागीर शीळ घालत स्क्रू पिळायचा. एक स्क्रू त्याच्या हातून निसटून माझ्या आत पडला. त्याची शीळ बंद झाली. त्याने मला उलटं केलं, हलवलं, झटकलं, तेव्हा कुठे तो बाहेर आला. "एवढासा आहे, पण आत राहिला असता तर तुझा जीव घेतला असता," तो म्हणाला आणि पुन्हा शीळ घालू लागला. माझ्या आयुष्यातली ती पहिली धास्ती.

मग मी या घरी आलो. घरात तिघंच होती. आई, बाबा आणि त्यांची एकुलती लेक. मीही मनातल्या मनात त्यांना आई आणि बाबाच म्हणतो. लेकीच्या अभ्यासासाठी मला आणलं होतं. तिने माझ्यावर निबंध टंकले, रंगीत तक्ते काढले, सुट्टीत पत्त्यांचे डाव मांडले. शेजारपाजारची मंडळी मला बघायला येत. "काय लख्ख पडदा आहे हो!" असं म्हणत, आणि मी फुगून जाई. आईने माझ्यासाठी खिडकीच्या जुन्या पडद्याच्या कापडाचं झाकण शिवलं होतं. ती मला रोज पुसायची, पण हात लावायला भ्यायची. "माझ्या हातून काही बिघडलं तर?" म्हणायची.

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला निघालेलं पान तपासायचं, चूक दिसली की खूण करायची आणि यंत्र थांबवायला सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या नजरेतून अनुस्वारसुद्धा सुटत नसे. घरी आलेल्या लग्नपत्रिकेतही ते आधी चुका शोधत आणि मग लग्न कुणाचं ते बघत.

वर्षं सरली. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. माझ्यावर झाकण पडलं ते पडलंच. झाकणाखाली धूळ बसत नाही, पण दिवसही कळत नाहीत. मी वाट पाहत राहिलो.

मग एका सकाळी सदऱ्याची बटणं लावता लावता बाबा खाली कोसळले. इस्पितळातून ते परत आले तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. त्यांना कळत सगळं होतं. बोलायला तोंड उघडलं की मात्र नुसता श्वास यायचा. डाव्या हातात पेन दिलं तर अक्षरं तिसरीच उमटायची. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःच्या त्या चुका बघवल्या नाहीत. त्यांनी पेन भिंतीवर फेकलं.

वाचा शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. त्यांनी छापील चित्रांचा तक्ता आणला. तहान लागली तर पेल्याच्या चित्रावर बोट ठेवायचं, झोप आली तर पलंगाच्या. बाबांनी तो तक्ता दूर लोटला. बाईंना वाटलं, चिडके दिसतात. पण आईला कळलं. त्या तक्त्यावरचा पेला या घरातला नव्हता, पलंगही नव्हता. ती म्हणाली, "अहो, दुसऱ्याच्या घरातली वस्तू तुम्ही कशाला मागाल? मी काढते आपल्या घरातली."

आणि त्या दिवशी माझ्यावरचं झाकण निघालं.

चित्र काढायचं सॉफ्टवेअर लेकीने तिला फोनवरून शिकवलं. आई एका हाताने फोन धरून बसली होती.

"आई, उजवीकडचं बटण दाब."

"माझ्या उजवीकडचं की त्याच्या?"

"अगं, तो काय तुझ्याकडे तोंड करून बसलाय का?"

"मग काय पाठ करून बसलाय? इतकी वर्षं पुसतेय मी त्याला, तोंड माहीत नाही होय मला!"

हसता हसता तिने बटण दाबलं आणि पडद्यावर पहिली रेघ उमटली. थरथरती, वाकडी, पण रेघ. पुढे तिने रंगाची बादली शोधून काढली. तिने एक पेला काढला आणि त्यात बादलीने निळा रंग ओतला, तर अख्खं पान निळं झालं. आई दचकून मागे सरकली. "अगंबाई! फुटला का काय हा?" मी फुटलो नव्हतो. पेल्याच्या रेघेत बारीकशी फट राहिली होती. तेवढ्या फटीतून रंग घरभर पसरला होता. तेव्हापासून रंग भरण्याआधी ती प्रत्येक रेघेवरून डोळे बारीक करून नजर फिरवायची. चूक झाली की मला हळूच म्हणायची, "चुकलं हं माझं." गोल, चौकोन आणि रेघ, एवढ्यावर तिने सगळा संसार पुन्हा मांडला. कान तुटलेला कप काढला. एकाच बिजागरीवर लोंबणारं खिडकीचं दार काढलं. बाबांचा चष्मा, त्याच्या दांडीला गुंडाळलेल्या दोऱ्यासकट.

पहिली बारा चित्रं लेकीने येऊन छापून दिली आणि एका पुठ्ठ्यावर चिकटवली. नेमकं तेव्हाच छापण्याचं यंत्र बिघडलं. आई म्हणाली, "असू दे. मी नेम धरलाय. वर्षभर रोज एक चित्र, आणि ते झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. नेम पुरा झाला की सगळी वही एकदम छापून बांधू. अर्धवट वस्तू उंबऱ्याबाहेर नेऊ नये."

तिचा नेम खरा होता, मित्रांनो, आणि तिची श्रद्धाही खरी होती. पण त्या नेमामुळेच ती वही माझ्याशिवाय जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. नक्कल नाही, त्या पहिल्या बारा चित्रांपलीकडे छापील पान नाही. होती ती माझ्या त्या अडखळणाऱ्या तबकडीवर.

रोज सकाळी आई मला सुरू करायची. बाबांची खुर्ची माझ्यासमोर आणायची. पडद्यावर चित्रं मांडली की बाबा डाव्या हाताचं बोट काचेवर ठेवायचे. माझी काच त्यांच्या बोटांच्या ठशांनी भरून गेली होती. आई बाकी सगळं पुसायची, पण ते ठसे पुसायची नाही. कधी बाबा खिडकीवर बोट ठेवत आणि त्यांच्या ओठांतून "खि..." असा आवाज येई. एवढाच. पण आई त्यावर दिवसभर आनंदात असे. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "हे असंच चालू राहू दे. मध्ये खंड पडला तर आलेलं परत जाईल."

खंड पडला तर! ते वाक्य मी ऐकलं आणि त्याच आठवड्यात माझी तबकडी पहिल्यांदा अडखळली.

तुम्ही रात्री दार लावलं की नाही ते उठून बघता ना, तसं मी दिवसभर माझ्याच आत डोकावून बघत असे. पंचाविसावं चित्र आहे ना? आहे. नव्वदावं? आहे, पण सापडायला वेळ लागला. कधी कधी एखादं चित्र हाताला लागेचना. एकदा माझा पडदा एकदम निळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं आली. आईने घाबरून हात जोडले. मी पुन्हा सुरू झालो, आणि ती म्हणाली, "दमलास का रे? बस जरा." तिने मला तासभर विसावा दिला. मला सांगायचं होतं, आई, मला विसावा नको, ही वही माझ्याकडून काढून घे. पण मला स्वतःची वाक्यं नाहीत, मित्रांनो. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली चार-दोन वाक्यं मी पडद्यावर दाखवू शकतो, तीही वेळ आली तरच.

मग तो रविवार आला. लेक आणि जावई नवा लॅपटॉप घेऊन आले. जावई मनाने फार चांगले, पण घाई त्यांच्या पाचवीला पुजलेली. "आई, हा डबा आता संग्रहालयात शोभेल," ते म्हणाले. "दुरुस्तीवाल्याला बोलावलंय. तीन वाजता येऊन तो याला घेऊन जाईल. त्याआधी वही काढून घेऊ आणि याला पुसून कोरा करू. आत आपले कागद असतात, तसंच कुणाला देऊ नये."

"जावईबापू, वही नीट निघेल ना?"

"दोन मिनिटांचं काम आहे, आई."

आता नीट ऐका. वहीची सगळी चित्रं माझ्या अगदी आतल्या कप्प्यात होती. आईला तिथवर जाता येईना, म्हणून लेकीने मागे बाहेरच्या पडद्यावर एक लहान चित्र ठेवलं होतं. त्याच्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण होता. त्यावर दोनदा टिचकी मारली की मी आतला कप्पा उघडून द्यायचो. म्हणजे ते चित्र ही वही नव्हती. वही कुठे आहे ते सांगणारी नुसती पाटी होती.

जावयांनी माझ्यात पेनड्राइव्ह खोचला आणि ती पाटी उचलून त्यात टाकली.

"बघा, झालंसुद्धा!"

एकशे सत्त्याऐंशी चित्रं, आणि एका क्षणात झालं? अहो, असं कसं होईल? माझा पंखा घरघरू लागला. जावई काही बेफिकीर नव्हते. त्यांनी पेनड्राइव्हमधली ती पाटी उघडूनही पाहिली. आणि पडद्यावर सगळी वही दिसली! पेला, खिडकी, चष्मा, सगळं जागच्या जागी. दिसणारच. ती पाटी माझ्याच पोटाकडे बोट दाखवत होती, आणि मी, आज्ञेचा ताबेदार, मुकाट कप्पा उघडून देत होतो. त्या क्षणी मला माझ्या आज्ञाधारकपणाची चीड आली.

"आली ना सगळी?" लेकीने विचारलं.

"आली की! आता पुसतो."

त्यांनी मला पुसण्याची आज्ञा दिली. तेव्हा एक वाक्य माझ्या वाट्याला आलं. मी ते पडदाभर मांडलं. "यातील सर्व माहिती कायमची नाहीशी होईल. पुढे जायचे आहे का?" मित्रांनो, हे वाक्य मी इतक्या घाबऱ्या जिवाने कधी विचारलं नव्हतं. पण अक्षरं घाबरलेली दिसत नाहीत. माऊसचा बाण "हो" कडे निघाला.

तेवढ्यात बाबांनी डावा हात टेबलावर आपटला.

सगळे वळले. बाबांनी मांडीवरचा पुठ्ठा उचलला आणि एका चित्रावर बोट ठेवलं. रिकामा कप.

"बाबांना चहा हवाय," जावई म्हणाले.

लेक लगबगीने चहा घेऊन आली. बाबांनी कप दूर सारला. बशीत चहा सांडला. पुन्हा बोट रिकाम्या कपावर.

"साखर कमी आहे का, बाबा? पाणी हवंय?"

बाबांची मान जोरजोरात हलली. मला वाटतं, त्यांनी तो बारीक बाण पाहिला होता. आतल्या चित्रांवर तो नसतो, पाटीवर असतो. आयुष्यभर बारीक खुणा पाहिलेल्या डोळ्यांना तो खटकला असणार. पण ते सांगणार कसं? बारा चित्रांत "बाण" नव्हता. "फसलात" नव्हतं. होता तो रिकामा कप.

"ऊन फार आहे ना आज, त्याने चिडचिड होते," जावई समजुतीने म्हणाले आणि माझ्याकडे वळले. त्यांचं बोट माऊसवर टेकलं.

बाबा खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्यांनी डाव्या हाताने जावयांचं मनगट धरलं. घट्ट. त्यांचा तोल जात होता, पण पकड सुटत नव्हती.

"बाबा! अहो, पडाल ना!" लेक ओरडली.

"थांबा," आई म्हणाली. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "जावईबापू, हात काढा तिथून. हे उगीच कुणाचा हात धरणारे नाहीत. छापायला निघालेली पानं थांबवलीत यांनी जन्मभर. काहीतरी चुकतंय." मग तिने बाबांना विचारलं, "कुठे रिकामं आहे? मला दाखवा."

बाबांनी मनगट सोडलं आणि पेनड्राइव्हकडे बोट केलं.

"अहो, मी आताच उघडून दाखवला की!" जावई म्हणाले.

"याच्यावर दाखवलात. त्या नव्यावर दाखवा."

पेनड्राइव्ह माझ्यातून निघून लॅपटॉपला लागला. जावयांनी पाटी उघडली. नव्या पडद्यावर एकच ओळ आली, की सांगितलेल्या जागी काहीही सापडत नाही. पुन्हा उघडली. पुन्हा तेच. जावयांच्या कपाळावर घाम फुटला. "माझ्या हातून... आई, मी आता सगळं पुसणार होतो," एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग खरी नक्कल सुरू झाली. आतल्या कप्प्यातून, एकेक चित्र. माझी भीती मात्र संपली नव्हती. आता सगळा भार त्या तबकडीवर होता. एक, दोन, दहा, चाळीस. शंभरानंतर ती अडखळू लागली. टक्... टक्. आईने माझ्या डब्यावर हात ठेवला आणि ती देवाचं नाव घेऊ लागली. तिचा तळहात मला जाणवत होता. अजून थोडं, मी स्वतःला म्हणत होतो. आत्ता नाही. आत्ता थांबायचं नाही.

एकशे बावन्नाव्या चित्राशी मी थांबलो. मी ते चाचपलं. पुन्हा चाचपलं. तिथे नुसती खरखर होती. शेवटी मी वाक्य दाखवलं. "हे चित्र वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करायचा की सोडून द्यायचे?"

चार वेळा पुन्हा प्रयत्न झाला.

"एकच तर आहे, सोडू या का?" जावयांनी अगदी हळू विचारलं. "तबकडी फार वेळ टिकणार नाही."

"नाव काय त्याचं?" आईने विचारलं.

लेकीने वाचलं, "'भीती वाटते.'"

"सोडा," आई म्हणाली. "पण ते मला पुन्हा काढायला हवं. घाबरलेल्या माणसाला घाबरलो असं सांगता आलंच पाहिजे."

बाकीची चित्रं आली. आणखी पाच वाटेत हरवली. एकशे एक्क्याऐंशी पेनड्राइव्हवर पोचली, नव्या पडद्यावर उघडली, एकेक करून पाहिली. बाबांनी स्वतः तपासली. जावयांनी मग दुसरी नक्कल केली, आणि कुणी न सांगता तिसरीही.

आईने माझ्यावर कोरं पान उघडलं आणि रंगाची बादली घेतली. "काळा रंग तर ओतायचाय. मागे तसंच केलं होतं मी, सगळा अंधार." तेव्हा मला आठवलं, बाबांनी त्या काळ्या चित्रावर कधीच बोट ठेवलं नव्हतं. आजही त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आईच्या हाताखालून त्यांनी माऊस काढून घेतला, आपल्या डाव्या हातात. आयुष्यात पहिल्यांदा.

रेघ कापत होती. एक वाकडा गोल झाला. त्यावर दोन ठिपके, डोळे असावेत. खाली आणखी एक गोल. उघडं तोंड. त्याच्या आत काहीच नाही, एक अक्षरही नाही. मग त्यांनी माऊस सोडला.

आई पडद्याजवळ वाकली. "एवढंच होतं होय," ती म्हणाली. "आणि मी वेडी अंधार काढत बसले होते." तिने बाबांचा तो हात आपल्या गालाशी धरला. त्या दिवशीचं चित्र बाबांनीच काढलं. नेम मोडला की पुरा झाला, ते देव जाणे. आई मात्र त्यानंतर शांतपणे जेवायला बसली.

दुरुस्तीवाला तीन वाजता आला. आईने त्याला म्हटलं, "आठ दिवसांनी या." सगळं नव्यावर नीट चालतं हे बघूनच मला सोडायचं, असं तिने ठरवलं. आज आठवा दिवस आहे. माझी तबकडी अजून अडखळते आहे, आणि जिन्यावर पावलं वाजत आहेत.

मित्रांनो, तुमच्या जिवापाड वस्तू एकाच ठिकाणी ठेवू नका, मग ती जागा कितीही विश्वासाची असो. नक्कल केलीत तर ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. जुन्या यंत्रातून वेगळा आवाज आला तर "चालतंय ना अजून" म्हणून सोडून देऊ नका. आणि घरात कुणाला बोलता येत नसेल, तर त्याला काय हवंय ते तुम्हीच ठरवू नका. त्याच्याजवळ बसा, पुन्हा विचारा.

दारावर थाप पडली आहे. आई उठते आहे. आता मला पुसतील, आणि मला फार भीती वाटते आहे. आज ती मी माझ्या स्वतःच्या वाक्यात सांगितली, आणि तुम्ही ती ऐकलीत.